लाकूडफाटा, यीस्ट आणि तेल : वाचकांची प्रश्नोत्तरे

लाकडातील साखर यीस्टला खाऊ घालून अल्कोहोल करणे आणि ती खाऊ घालून तेल करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आलेल्या बहुतेक पत्रांत त्यांची गल्लत झालेली दिसते, म्हणून निवडक शंकांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न (बार्शी) : आमची बेकरी आहे. पावाचे यीस्ट लाकडाच्या भुशात मिसळल्यास तेल मिळेल का?

उत्तर : नाही.

प्रश्न (अक्कलकोट) : मग तेल देणारे यीस्ट कोणते, आणि ते तेल का तयार करते?

उत्तर : रोडोस्पोरिडियम टोरुलॉइड्स आणि लायपोमायसेस स्टार्कीई ही त्यांपैकी नावाजलेली नावे. भोवती साखर भरपूर असताना नायट्रोजन संपला की प्रथिनांअभावी या पेशींना वाढता व विभागता येत नाही. तेव्हा त्या उरलेली साखर तेलाच्या थेंबांच्या रूपाने स्वतःच्या पोटात साठवतात. कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक तेल साठवणाऱ्या यीस्टला तैलसंचयी म्हणतात आणि अनुकूल स्थितीत हे प्रमाण 60 टक्क्यांच्याही पुढे जाते. पावाच्या यीस्टमध्ये ही क्षमता नाही, शिवाय लाकडातील झायलोज ही साखर त्याला मुळात पचत नाही. अल्कोहोलच्या टाकीत हवा नको असते; तेलाच्या टाकीत मात्र ती अखंड खेळवावी लागते आणि त्या विजेचा खर्च माहितीपत्रकांत सहसा सापडत नाही.

प्रश्न (मोहोळ) : एक प्रतिनिधी सांगतो की एक टन ढलप्यांपासून 400 लिटर डिझेल मिळते. यीस्टच्या ‘मूळ कल्चर’साठी तो दोन लाख रुपये अनामत मागतो. द्यावी का?

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा आला आहे की या वेळी हिशेबच मांडतो. कृपया कागद घेऊन बसा. पूर्ण वाळलेल्या एक टन लाकडात सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज (साखरेच्या साखळ्यांनी बनलेले दोन घटक) मिळून साधारण 650 ते 700 किलो असते; उरलेल्यातला मोठा वाटा लिग्निनचा (लाकडाला कठीणपणा देणाऱ्या घटकाचा), आणि ते या यीस्टचे खाद्य नव्हे. या दोन्हींचा कण न् कण फोडला, तर पाणी जोडले जाऊन सुमारे 720 ते 770 किलो साखर होईल. एक किलो साखरेपासून यीस्टला फार तर 320 ग्रॅमच्या आसपास तेल करता येते; ही त्याच्या चयापचयाची मर्यादा आहे, कोणाच्या यंत्राची नव्हे. म्हणजे काहीही वाया गेले नाही, यीस्टने स्वतःच्या शरीरासाठी काहीही खर्च केले नाही, तरी आकडा 250 लिटरच्या थोडा पुढे जाऊन थांबतो. प्रत्यक्षात बरीच साखर हाती लागत नाही आणि तेलाचे प्रमाणही साखरेच्या 15 ते 20 टक्के मिळाले तरी काम चांगले झाले असे आम्ही मानतो. म्हणजे वाळलेल्या टनामागे शंभर लिटरच्या आसपास. ओल्या ढलप्यांत निम्मे पाणीच असते, ते वेगळे. कदाचित हा गृहस्थ हवेविना लाकूड तापवून मिळणाऱ्या काळ्या आम्लधर्मी द्रवाचा आकडा यीस्टच्या नावावर खपवत असावा. तो द्रव डिझेल नाही आणि त्याचा यीस्टशी संबंधही नाही. राहिला प्रश्न कल्चरचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, तसाच संग्रह चंडीगडलाही आहे, आणि तेथून प्रयोगशाळांना नोंदणीकृत वाण रीतसर मिळतात. कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी तो रसायन अभियंत्याला आणि वकिलाला दाखवावा, आणि प्रतिनिधीला चालू प्रकल्पाचा पत्ता विचारावा.

प्रश्न (सांगोला) : या उद्योगाची वाट पाहत डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या दोन वर्षांपासून बांधावर साठवल्या आहेत. त्या चालतील का?

उत्तर : दोन पावसाळे भिजलेल्या काड्यांतील साखर बुरशीने आपल्याआधीच खाल्ली असणार. त्याहून गंभीर बाब अशी की बागेत तेल्याचा (डाळिंबावरील जिवाणूजन्य रोगाचा) प्रादुर्भाव झालेला असेल, तर ती छाटणी तेव्हाच बागेबाहेर नेऊन नष्ट करायला हवी होती. बांधावरचा ढीग म्हणजे रोगाला दिलेले आश्रयस्थान. (तेल्याचा आणि तेलाचा नावापलीकडे संबंध नाही, हेही एका पत्रामुळे सांगावे लागते.) केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातील तज्ज्ञांचा सल्ला आजच घ्या, हंगाम संपण्याची वाट पाहू नका.

प्रश्न (मंगळवेढा) : वेडी बाभूळ चालेल का?

उत्तर : तत्त्वतः चालेल, तोडण्यापूर्वी जमीन कोणाची आहे हे पाहून वन विभागाला विचारा.

प्रश्न (पंढरपूर) : यीस्टचे तेल थेट ट्रॅक्टरमध्ये ओतले तर? मेहुण्याच्या ओळखीत कोणीतरी ओतले होते.

उत्तर : मेहुण्यांच्या ओळखीतील माणसांनी या जिल्ह्यातील बरीच इंजिने बिघडवली आहेत. हे तेल रचनेने खाद्यतेलासारखे, म्हणजे डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असते. ते नोझल चोंदवते आणि सिलिंडरमध्ये काजळी धरते. मिथेनॉल व उत्प्रेरक वापरून त्याचे एस्टर केल्यावर, ग्लिसरीन वेगळे काढून आणि तपासून घेतल्यावरच त्याला बायोडिझेल म्हणता येते, व त्यासाठी आयएस 15607 हे भारतीय मानक आहे. मिथेनॉल विषारी आणि ज्वलनशील आहे, म्हणून घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा प्रयोग करू नये. मिश्रण किती चालेल, हे ट्रॅक्टरच्या उत्पादकालाच लेखी विचारावे.

प्रश्न (सोलापूर, एक विद्यार्थिनी) : भुशाच्या अर्कात रोडोस्पोरिडियम वाढवताना पहिले दोन दिवस काहीच घडले नाही आणि नंतर फ्लास्क गुलाबी झाला. बाहेरची लागण समजून टाकून द्यावा का?

उत्तर : थांबा. हे यीस्ट कॅरोटिनॉइड रंगद्रव्य तयार करते, त्यामुळे गुलाबी किंवा केशरी छटा हा त्याचा स्वभावच आहे. दोन दिवसांच्या शांततेचे कारण बहुधा अर्कातील फरफ्युराल आणि असेटिक आम्ल असावे. आम्लाने लाकूड फोडताना ही द्रव्ये तयार होतात आणि यीस्टला ती आधी पचवावी किंवा सोसावी लागतात. पुढच्या वेळी अर्क थोडा विरळ करून किंवा यीस्टला त्याची हळूहळू सवय लावून पाहा. तूर्त एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, सुदान ब्लॅकने रंगवा आणि पेशींतील तेलाचे थेंब मार्गदर्शकांसोबत तपासा. लागण निघालीच, तर फ्लास्क ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेने निर्जंतुक) केल्याशिवाय बेसिनमध्ये ओतू नका.