जाळ्या बुजवू नका, आधी नोटीस धाडा

प्रश्न थोडक्यात असा: लोणावळ्यात उतारावर 14 रो हाऊसची रेराला (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा, बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) रजिस्टर झालेली स्कीम, त्यात आमचं एक घर, ताबा 2021 च्या दसऱ्याला मिळाला. उतारामुळे हॉलच्या फरशीखाली अडीच फुटांची पोकळी आहे, तिला हवेसाठी बाहेरून जाळ्या. 2024 च्या पावसात त्या जाळ्यांतून पाणी शिरून चार बोटं साचलं. मागच्या वर्षी वरच्या बंगलेवाल्याने भराव टाकून अंगण उंच केलं, गच्चीचा पाइप आमच्या कुंपणाकडे सोडला, तेव्हापासून वीतभर पाणी. कपाटांच्या पाठीला बुरशी, सासूबाईंना दम्याचा त्रास. बिल्डर म्हणतो हमी दोनच वर्षांची होती आणि पाऊस काय आम्ही पाडला का. मिस्त्री म्हणतो जाळ्या सिमेंटने बुजवून टाकू. काय करू?

ताई, सगळ्यात आधी त्या मिस्त्रीला थांबवा. जाळ्या बुजवल्या की खालची ओल आतच कोंडणार, बुरशी वाढणार, ते एक झालंच, पण वकील म्हणून माझी भीती वेगळी आहे. बिल्डरच्या ॲग्रीमेंटमध्ये बहुतेक वेळा एक कलम असतंच की आमच्या लेखी परवानगीशिवाय बांधकामात फेरफार केला तर आमची जबाबदारी संपली. तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये ते आहे का बघा, असेल तर सिमेंटची एक पाटी ओतून तुम्ही त्याला आयतं कोलीत द्याल. पाणी उपसा, वाळूच्या गोण्या लावून ते दुसरीकडे वळवा, ते बिनधास्त करा, उलट करायलाच हवं, कारण नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत हे कोर्ट विचारतं. फक्त आधी फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा, पाण्यात फूटपट्टी उभी धरून. आणि ज्या फोनवर काढाल तो विकू नका, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्या फोनबद्दल सर्टिफिकेट द्यावं लागतं.

आता बिल्डरची दोन वर्षं. रेरा कायद्याचं कलम 14(3) सांगतं की ताबा दिल्यापासून 5 वर्षांत स्ट्रक्चरचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर त्याने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाही केला तर भरपाई. ॲग्रीमेंटमध्ये दोन लिहा नाहीतर दोन महिने लिहा, कायद्यापुढे ते टिकत नाही. उतारावर पोकळी ठेवून घर बांधायचं, जाळ्या जमिनीलगत ठेवायच्या आणि वरून येणारं पाणी वळवायला साधं गटार काढायचं नाही, हा माझ्या मते कामातलाच दोष आहे, त्याला निसर्ग म्हणत नाहीत. त्यातही लोणावळ्यात!

मुदत मात्र नीट मोजा. दसऱ्याला ताबा मिळाला म्हणून यंदाच्या दसऱ्यापर्यंत वेळ आहे असं धरून बसू नका. 2021 चा दसरा 15 ऑक्टोबरला होता, यंदा अधिक महिना आल्यामुळे तो 20 ऑक्टोबरला आहे, म्हणजे तिथीच्या भरवशावर राहिलात तर पाच दिवसांनी हुकाल. ताबापत्रावरची तारीख बघा आणि तिच्या आधीच दोष लेखी कळवा, कलमात कळवण्याचीच मुदत आहे. आजवर व्हॉट्सॲपवर जे बोललात तेही जपून ठेवा, पण त्यावर विसंबू नका, सहीची नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसकट पाठवा (जुनं रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय) आणि ईमेलही करा. 30 दिवस गेले आणि काही हललं नाही की महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, तक्रार.

बंगलेवाल्याचं प्रकरण जरा नाजूक आहे. 1882 च्या इझमेंट्स ॲक्टमध्ये (जमिनीच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा), कलम 7 मध्ये, वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहून येऊ द्यावं लागतं असं चक्क उदाहरणच दिलंय, त्यामुळे ‘तुमच्याकडचा पाऊस आमच्याकडे नको’ असं म्हणता येत नाही. पण भराव टाकून उतार बदलणं आणि गच्चीभरचं पाणी एका पाइपातून तुमच्या कुंपणावर सोडणं यात नैसर्गिक काय आहे? तो उपद्रव झाला, त्याविरुद्ध दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागता येतो, आणि पाहणीसाठी कोर्ट कमिशनर मागा, पाऊस असतानाच, कारण डिसेंबरमध्ये येऊन तो कोरडी पोकळी बघून जाईल. त्याआधी एकदा चहाला बोलवून पाइप फिरवायला सांगून बघा, एक एल्बो आणि दहा फूट पाइपात मिटणारी भांडणं मी सात-सात वर्षं चाललेली पाहिलीत.

दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार हे नक्की. तिथे तुमची ‘चार बोटं आणि वीतभर’ कामाला येतात. भरावाच्या आधीही पाणी येत होतं, म्हणजे बिल्डर सुटत नाही, भरावानंतर वाढलं, म्हणजे बंगलेवालाही नाही. 2024 चे फोटो घरात कोणाच्या तरी फोनमध्ये असतीलच, शोधा.

बिल्डर म्हणेल ओल खालून नाहीये, तुम्ही घर बंद ठेवता म्हणून हवेतली आहे. यावर साधा उपाय, दोन फुटी प्लास्टिक फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवा आणि दिवसभर ठेवा, पाणी प्लास्टिकच्या खालच्या अंगाला जमलं तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या अंगाला जमलं तर खोलीतल्या हवेतली. हे सिव्हिल इंजिनीअरसमोर करा आणि त्याच्या रिपोर्टमध्ये लिहून घ्या.

सासूबाईंच्या दम्याचे पैसे मागायचे का, तर डॉक्टरने कागदावर बुरशीचा संबंध लिहून दिला असेल तरच, नुसत्या औषधांच्या बिलांवर तो मुद्दा टिकत नाही आणि बाकीची केस उगाच ढिली पडते.

आणि नोटीस गेल्यावर बिल्डरचा माणूस वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून ‘काम समाधानकारक झाले’ अशा कागदावर सही मागेल. त्याला सांगा, पुढचा पावसाळा जाऊ दे, मग सही.