कोचीत खासगी गाईड घ्यावा का? घ्यावा, पण अर्ध्याच दिवसापुरता

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सोलापूरहून आई-वडिलांना घेऊन कोचीला चाललाय, हातात दोन दिवस आहेत. वडिलांना इतिहासाचं वेड, आईचे गुडघे दुखतात. एका टूरवाल्याने गाडी, ड्रायव्हर आणि गाईड धरून आठ तासांत बारा ठिकाणं दाखवायचं ‘प्रायव्हेट सिटी टूर’चं पॅकेज पुढे केलंय. ते घ्यावं का?

पॅकेज घेऊ नका. गाईड मात्र घ्या, आणि त्याला चांगले पैसे द्या.

आमचा टॉवेल-नॅपकिनचा धंदा आहे. एर्नाकुलमकडच्या काही हॉटेलांना माल जातो, त्यामुळे ऑर्डरीच्या आणि वसुलीच्या निमित्ताने तिकडे जाणं-येणं असतं. (खोलीत शिरलो की खिडकीबाहेरचा समुद्र बघायच्या आधी टॉवेल हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायची खोड काही जात नाही.) घरच्यांनाही फिरवून आणलंय. तेव्हा हे सगळं गिऱ्हाइकाच्या नजरेतून सांगतोय, टूरवाल्याच्या नाही.

आधी हे शहर कसं बसलंय ते लक्षात घ्या, म्हणजे पॅकेजमधली मेख कळेल. कोची सलग नाही, पाण्याने तुकडे केलेत. रेल्वे तुम्हाला एर्नाकुलमला उतरवते, ती मुख्य जमिनीची बाजू. बघण्यासारखं जुनं जे काही आहे ते बहुतेक पलीकडे, फोर्ट कोची आणि मट्टांचेरीत. मधे विलिंग्डन बेट. गाडीने जायचं तर वळसा, पूल आणि सिग्नल. पाण्यावरून गेलात तर वीस-पंचवीस मिनिटांत पलीकडे. आता ती बारा ठिकाणांची यादी परत वाचा. त्यात मरीन ड्राइव्ह असेल, एखादा मॉल असेल, ‘स्पाइस मार्केट’ नावाखाली एक-दोन दुकानं असतील. आठातले निम्मे तास एसी गाडीत बसून जाणार आणि वडिलांना खिडकीतून ट्रॅफिक दिसणार.

म्हणून मुक्काम शक्यतो फोर्ट कोचीतच करा. तिथे होमस्टे भरपूर आहेत. एर्नाकुलमलाच उतरायचं असेल तर हायकोर्ट जेटीवरून वॉटर मेट्रो पकडा. ही सेवा 25 एप्रिल 2023 ला सुरू झाली आणि पुढच्या वर्षी फोर्ट कोचीपर्यंत गेली. बॅटरीवर चालणाऱ्या एसी बोटी आहेत, कोचीन शिपयार्डनेच बांधलेल्या. त्याच शिपयार्डने आयएनएस विक्रांत बांधली, हे वडिलांना सांगा, खूष होतील. आईच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे: तिथला धक्का तरंगता आहे. भरती-ओहोटीबरोबर तोही वर-खाली होतो, त्यामुळे बोटीची फरशी आणि धक्का एका पातळीत राहतात. पायरी नाही, उडी नाही, कुणी हात धरून ओढायची वेळ नाही. तिकीट पन्नास रुपयांच्या आत. सरकारी जलवाहतुकीच्या जुन्या बोटी त्याहून कितीतरी स्वस्त आहेत आणि मला त्याच जास्त आवडतात, पण गुडघे दुखत असतील तर त्या नकोत.

गाईड ठरवलात तर त्याला फोर्ट कोचीत न बोलावता जेटीवरच बोलवा, आणि बोटीतच बोलायला सुरुवात करायला सांगा. कारण या शहराची खरी गोष्ट बंदराची आहे आणि ती पाण्यावरूनच दिसते. 1341 साली पेरियार नदीला महापूर आला. जुनं मुझिरिस बंदर गाळाने बुजलं आणि इकडे कोचीला समुद्राचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. पोर्तुगीज, डच, इंग्रज हे सगळे या तोंडातूनच आत आले. पण तोंडाशी वाळूचा बांध होता. मोठ्या आगबोटी आत येऊ शकत नव्हत्या. बाहेर खुल्या समुद्रात नांगर टाकून उभ्या राहायच्या आणि माल छोट्या होड्यांतून ने-आण व्हायचा. पावसाळ्यात तेही अवघड. 1920 मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंजिनिअर आला, त्याने तो बांध कापायचं काम अंगावर घेतलं, आणि 1928 साली जहाज आत आलं. उपसलेल्या गाळाचं काय केलं? त्याचं बेट केलं. बोटीतून जे विलिंग्डन बेट दिसतं, ज्यावर आज नौदलाच्या दक्षिण विभागाचं मुख्यालय आहे, ते बहुतेक सगळं माणसाने गाळ टाकून तयार केलेलं आहे. हे माहीत नसेल तर ते नुसतं क्रेन आणि गोदामांचं बेट वाटतं.

फोर्ट कोचीत उतरल्यावर समोरच मासे पकडायची चिनी जाळी. त्यांना गाईड लागत नाही, डोळे पुरेत. फक्त एक गोष्ट नीट बघा: जाळ्याच्या मागच्या टोकाला दोरांना मोठमोठे धोंडे टांगलेले असतात, प्रत्येक दोराची लांबी वेगळी. जाळं वर यायला लागलं की धोंडे एकेक करून खाली फळ्यांवर टेकतात, आणि तोल कुठे जात नाही. एवढं अवजड धूड चार-सहा माणसं आरामात हलवतात ते त्यामुळे. तिथले मच्छीमार तुम्हाला दोर ओढायला बोलावतील, फोटो काढून देतील आणि मग पैसे मागतील. दिले तरी चालतील, पण किती ते आधी विचारा.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला, त्याला इथे पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. जागा आत दाखवलेली आहे. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

गाईडचे पैसे वसूल होतात ते मट्टांचेरीत. तिथला राजवाडा ‘डच पॅलेस’ म्हणून ओळखला जातो, पण बांधला पोर्तुगीजांनी, 1555 च्या सुमारास, आणि कोचीच्या राजाला दिला. डचांनी नंतर डागडुजी केली आणि थोडं बांधकाम वाढवलं, इतकंच. बाहेरून बघून ‘हा कसला राजवाडा’ असं वाटेल. आत राजाच्या शयनगृहात भिंतभर रामायण रंगवलंय. चित्रं इतकी दाटीवाटीने आहेत की कुठून सुरू होतं आणि कुठे संपतं ते आपलं आपल्याला उमगत नाही. बोट दाखवून प्रसंग उलगडणारा माणूस बरोबर असला की वडील तिथून अर्धा तास हलणार नाहीत. आत फोटो काढू देत नाहीत.

तिथून चालत दोन मिनिटांवर ‘परदेशी सिनेगॉग’, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1568 चं. चपला काढून आत जायचं. पायाखाली निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या आहेत, हाताने रंगवलेल्या. एकसारखी दुसरी सापडत नाही म्हणतात. आईला तिथे बाकावर बसवा आणि फरश्या जुळवायला सांगा.

आता एक गोष्ट, जी पॅकेजवाल्याच्या यादीत कधीच नसते. मट्टांचेरीतच चेरळाई म्हणून भाग आहे, तिथे गोव्यातून पोर्तुगीजांच्या छळामुळे निघून आलेल्या गौड सारस्वतांची वस्ती आणि त्यांचं तिरुमला देवस्थान आहे. घरात अजून कोंकणी बोलतात. डच गव्हर्नर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 पासून ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मणही होते. त्या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेलं आहे. शिवराय हयात असताना ॲमस्टरडॅमला नागरी अक्षरं छापली जात होती, आणि ती लिहिणारी माणसं या गल्ल्यांतली! चेरळाई माहीत असलेला गाईड मिळाला तर सोडू नका.

जवळच गुजराती रोड आहे. शाकाहारी असाल तर दुपारच्या जेवणाची सोय तिथे होते. खोबरेल तेल घरच्यांना मानवत नसेल तर शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बॅगेत असू द्याच.

आता पैशाचं. एर्नाकुलमला आपल्याकडची, विटा-आटपाडी भागातली गलाईवाली मंडळी भेटतात, सोनं गाळायच्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या तिकडे आहेत. त्यांच्यापैकी एका मामांनी मला चहा पिता पिता हिशेब समजावला. गाईड फार स्वस्तात मिळत असेल तर बाकीचा पगार त्याला दुकानदार देतो. मसाले, गालिचे, हस्तकला, जिथे तुम्हाला ‘फक्त बघायला’ नेतात तिथून टक्केवारी. रिक्षावाल्यांचंही तेच. शंभर रुपयांत अख्खं फोर्ट कोची दाखवतो म्हणणारा रिक्षावाला धर्मादाय करत नसतो. यात त्या माणसाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, सीझन चार महिन्यांचा आणि पोट बारा महिन्यांचं. म्हणून फोनवरच सांगून टाका: “एक भी दुकान नहीं, उसके बदले आपका रेट बोलिए.” दर वाढेल. वाढू द्या. समोरचा गडबडला किंवा ‘सर, ओन्ली टेन मिनिट्स’ म्हणाला, तर दुसरा बघा.

पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का विचारा. मराठी गाईडची आशा धरू नका, हिंदी चांगली बोलणारा मात्र मिळतो. तासांवर ठरवा, चार तास भरपूर. तिकिटं, बोट आणि रिक्षाचे पैसे कोण देणार ते आधीच बोलून घ्या. आणि तो राहायला कुठे आहे हे सहज विचारा. मट्टांचेरीचा असेल तर माझं झुकतं माप त्याला.

वार जपा. राजवाडा शुक्रवारी बंद असतो. सिनेगॉग शनिवारी बंद, शुक्रवारीही दुपारनंतर आशा नको. एरवीही दुपारी मधे बंद असतं, म्हणून सकाळीच उरकायचं. शुक्रवार-शनिवारची तिकिटं काढून झाली असतील तर गाईड घेण्यात फारसा अर्थ नाही. त्या दिवसांत समुद्रकिनारा, संध्याकाळी कथकली (खेळाच्या आधी कलावंत चेहरा रंगवतात ते बघायला लवकर जा) आणि जमलं तर अलप्पुळाचं बॅकवॉटर करा.

मिरी-वेलदोडे घ्यायचे असतील तर गाईडला निरोप दिल्यावर बाजार रोडवर एकटे जा. तिथे पोत्यांतून माल विकणारे घाऊक व्यापारी बसतात, किलो-दोन किलोला नाही म्हणत नाहीत. आईला पुढे करा, मूठभर मिरी हातात घेऊन ती जो भाव करेल तो तुम्हाला-मला जमणार नाही.