गच्चीवर लाकडी चौकटीची नवी खोली बांधली. पाऊस नसताना पहाटे छतातून पाणी टपकतं, काय करावं?

पत्रे बदलायच्या भानगडीत लगेच पडू नका. सागवानी चौकट, आतून प्लाय, वर टिनाचे पत्रे, दिवाळीत काम संपलं आणि थंडी पडताच पांघरुणावर टपटप. तुम्ही लिहिलंय ते सगळं दोन वर्षांपूर्वी नागपुरात मानेवाड्याला माझ्या गच्चीवर होऊन गेलंय. मी काही इंजिनीअर नाही, भोगून शिकलो.

मिस्त्रीला तीनदा बोलावलं. त्याने दर वेळी स्क्रूंवर सिलिकॉन भरलं, पैसे नेले, पाणी होतं तिथेच. शेवटी एकदा पहाटे पाचला टॉर्च घेऊन स्टुलावर चढलो. सांध्यातून ओघळ कुठेच नव्हता. अख्खा पत्रा आतून ओला आणि खाली निघालेल्या प्रत्येक स्क्रूच्या टोकाला एकेक थेंब लोंबलेला. गळती असती तर एका जागी असती आणि पावसात वाढली असती. इथे आभाळ निरभ्र असलं की जास्त टपकायचं, ढगाळ रात्री जवळजवळ नाहीच. पत्र्याला घाम फुटत होता.

कारण साधं आहे. आपल्याकडे थंडीत रात्री आकाश मोकळं असतं, पत्रा आपली उष्णता वर फेकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. खोलीत २० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर साधारण १५ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. पत्रा तर त्याच्या कितीतरी खाली असतो. आणि ओल येते कुठून? दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर सहज. नव्या बांधकामात खालचा कोबा आणि गिलावा कित्येक महिने पाणी सोडत राहतो. आम्ही वर चहासाठी छोटी गॅसची शेगडी ठेवली होती. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं!

उपाय एवढाच, की खोलीतली हवा पत्र्यापर्यंत पोचू द्यायची नाही. मी पत्र्याखाली दोन इंच मोकळी जागा सोडली, दोन्ही टोकांना जाळी लावून ती बाहेरच्या हवेला खुली केली, त्याखाली इन्सुलेशन आणि मग सीलिंग. सीलिंगचे सांधे नीट बंद करा. दिव्यांसाठी पाडलेली भोकं मात्र सगळे विसरतात (मीही विसरलो), वाफ नेमकी तिथूनच वर जाते. सोबत सहा इंची एक्झॉस्ट, आणि कपडे वाळत घालणं बाहेर.

आता खरी गोम. परदेशी व्हिडिओ बघून मी सुताराला प्लायच्या मागे, म्हणजे खोलीच्या बाजूने, पॉलिथिन ताणायला लावलं होतं. तिकडे ते बरोबर आहे. घर आतून गरम, बाहेर बर्फ, वाफ आतून बाहेर जाते. आपल्याकडे जुलैत सगळं उलटं होतं. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की त्या हवेला २६ अंशांलाच पाणी सुटतं, आणि आत आपण एसी २० वर ठेवून झोपलेलो. बाहेरची दमट हवा भिंतीत शिरते, थंड पॉलिथिनला टेकते आणि तिथेच पाणी होऊन बसते. बाहेर पडायला वाट नाही. ऑगस्टमध्ये प्लायवर खालच्या बाजूने काळे डाग दिसले म्हणून एक तक्ता काढला, तर पॉलिथिनच्या मागे थेंबच थेंब. सागवान टिकलं, पण पैसे वाचवायला मध्ये घातलेल्या पाइनच्या पट्ट्यांत नख रुतत होतं. तुमच्या भिंतीत पॉलिथिन असेल तर ते काढा, आणि पावसाळ्यात एसी २६ च्या खाली नेऊ नका.

कूलर असेल तर तेही सांगतो. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की समोरची खिडकी उघडी ठेवून बिनधास्त चालवा. मृगाचा पाऊस झाला की पंप बंद, नुसता पंखा. दमट दिवसांत खिडक्या लावून कूलर चालवला की दोन दिवसांत उशाही सादळतात.

डागांवर लगेच बुरशीरोधक रंग मारू नका. तक्ते काढून चौकट आधी वाळू द्या. सुताराकडे किंवा लाकडाच्या वखारीत ओलावा मोजायचं मीटर मिळालं तर लावून बघा. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली तर कुजायची भीती असते. आमची चौकट वाळायला मार्च उजाडला, कारण डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारठा म्हणून खिडक्या कोणी उघडतच नव्हतं. तुम्ही उघडा, निदान दहा वाजता ऊन आल्यावर तरी.