सेमिनारनंतर मुलांनी एकमेकांना ऑनलाइन अभिप्राय दिला तर उपयोग होतो का, की नुसतं ‘छान झालं’ येतं?

उपयोग होतो, पण तुम्ही विचारता काय यावर सगळं आहे. ‘१ ते ५ गुण द्या’ म्हटलंत की सगळ्यांना ४ नाहीतर ५ आणि खाली ‘एक नंबर भाऊ’. मुलांचा दोष नाही. सुट्टी झाली की त्याच मित्राच्या गाडीवर मागे बसून सीताबर्डीला जायचं असतं, वाईटपणा कोण घेईल?

मी नागपुरात पदव्युत्तर वर्गांना शिकवते. माझ्या गुगल फॉर्ममध्ये गुणांचा रकानाच नाही. लक्षात काय राहिलं आणि नेमकं कुठे समजेनासं झालं, एवढंच विचारते. खरा माल दुसऱ्या उत्तरात असतो. काटोलकडच्या एका मुलाने संत्र्याच्या आंबिया बहारावर, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यावर, सेमिनार दिला. घरचीच बाग, त्यामुळे सराईतपणे बोलला. हिवाळ्यात पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की फुलं. फॉर्ममध्ये तिघाचौघांनी एकच लिहिलं, ‘पाणी तोडलं तर झाड वाळायला हवं, फुलं कशी येतात?’ बागेत वाढलेल्याला हा प्रश्न पडत नाही, विषय शिकवणाऱ्यालाही नाही. ताणामुळे नवी पालवी थांबते, झाडात अन्नसाठा होतो आणि तो फुलोऱ्याच्या कामी येतो, हे पुढच्या वेळी त्याने स्लाइडवर चित्र काढून दाखवलं.

नावं सादर करणाऱ्याला दिसू नयेत, तुम्हाला दिसावीत. पूर्ण निनावी केलं की कोणीतरी कपड्यांवर, बोलण्याच्या ढबीवर घसरतोच. मी फॉर्ममध्ये ईमेल घेते आणि शीटच्या प्रतीतून तो रकाना काढून त्याच संध्याकाळी पाठवते. फॉर्म वर्गातच भरून घ्या, पुढचा गडी प्रोजेक्टरची वायर जोडेपर्यंत. घरी गेल्यावर कोणी भरत नाही. एका सेमिनारला पाच-सहा जणांनीच लिहावं, पाळीपाळीने, नाहीतर कॉपी-पेस्ट सुरू. आणि मराठी, हिंदी, मिसळ, काहीही चालेल हे आधीच सांगा.

कॉलेजात मूडल (ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली) असेल तर त्यातलं ‘वर्कशॉप’ कोणी कोणाला अभिप्राय द्यायचा हे वाटप आपोआप करतं आणि अभिप्राय देणाऱ्यालाही वेगळे गुण देतं. मुळात कामाला ८० आणि मूल्यमापनाला २० असतात, ते बदलता येतात. वर्ग लहान असेल तर फॉर्म पुरे.

अंतर्गत गुण मात्र मुलांच्या अभिप्रायावर ठेवू नका. ठेवायचेच तर तो वाचून सादर करणाऱ्याने काय बदललं, यावर ठेवा. मी दुसऱ्या फेरीआधी चार ओळी लिहून मागते. ‘हे मी बदलणार नाही, कारण…’ असंही चालतं, आणि खरं सांगू, तेच वाचायला जास्त मजा येते.