बोटीत चढण्याआधी दादर

वहिनी, क्रूझ सोमवारी दुपारी आहे ना? मग सोमवारी सकाळी मुंबईत पोहोचायचा बेत सोडा. गाडी रखडली तर बोट थांबत नाही. शनिवारी रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडा, पहाटे दादरला उतरा आणि हॉटेलही तिथंच घ्या.

रविवार नाटकाचा. आपल्याकडे हुतात्मा स्मृती मंदिरात दौऱ्यावर नाटक आलं तर आलं. दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी बहुधा एकापेक्षा जास्त प्रयोग असतात. १९६५ पासूनचं थिएटर, प्लाझा सिनेमासमोर. दुपारचा प्रयोग घ्या, म्हणजे रात्री लवकर झोपता येईल. पुढच्या रांगा मिळाल्या तर सोडू नका. नटाचा श्वास, पदराची सळसळ, एखादं वाक्य बोलण्याआधी घेतलेला थांबा, सगळं पोहोचतं. त्यासाठीच जायचं.

खाण्यात सकाळी दादरच्याच ‘प्रकाश’ उपाहारगृहाचा साबुदाणा वडा आणि वर पियुष. वडा गरम असतानाच फोडा, गार झाला की मजा गेली. रात्री मालवणी जेवण: तळलेले बोंबील, सोलकढी. आपल्या काळ्या मसाल्याच्या जिभेला ते सौम्य लागेल, पण पहिल्यांदाच समुद्रावर जाताय, आदल्या रात्री पोटाला हलकंच बरं.

सोमवारी दादरहून टॅक्सीने बॅलार्ड पियर, म्हणजे बोटीचा धक्का. मोठी बॅग तिथं घेतात, ती खोलीत उशिरा येते. म्हणून औषधं आणि ओळखपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. शेंगाचटणी न्यायची असेल तर कंपनीला आधी विचारा, घरचं खाणं बऱ्याचदा बोटीवर नेऊ देत नाहीत.