धाकटा लोणावळ्यात शिकतोय, तेव्हा घरानं काय करावं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सविस्तर लिहिलंस ते बरं केलंस; असलं काही फोनवर निघालं की अर्धं मनातच राहतं. वडिलांच्या मागे धाकट्याचं सगळं तुझ्याच अंगावर आलं आणि तू स्वतः अजून पंचविशीच्या आत. म्हणून मीही हात आखडता न घेता लिहितो. माझी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली आणि नोकरीच्या शेवटी लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, म्हणजे नौदलाच्या इंजिनवाल्यांच्या शाळेत, पोरांना शिकवण्यात काही काळ गेला. तेव्हा त्याच्या वयाची पोरं मी कुटुंबांपासून लांब असताना पाहिली आहेत, आणि त्यांची कुटुंबंही गेटवर पाहिली आहेत.

तुझी मुख्य तक्रार अशी, की चिल्कात, नौदलाच्या पहिल्या ट्रेनिंगला, असताना तो रविवारी भरभरून बोलायचा आणि आता इतक्या जवळ येऊन ‘हो’, ‘बरंय’, ‘जेवलो’ याच्या पुढे जात नाही. यात मला काही विपरीत दिसत नाही. का, ते सांगतो.

चिल्काचा काळ अंगाचा असतो. कोणार्क एक्सप्रेसनं ओडिशात उतरलेलं माणदेशी पोरगं, आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी बघतं आणि दुसऱ्या दिवसापासून शिट्टीवर जगायला लागतं. सोळा आठवडे उठणं, पळणं, पोहणं, कवायत, जेवणं, झोपणं, सगळं दुसरं कुणी ठरवतं. त्रास सगळ्यांना सारखाच, त्यामुळे त्याची लाज नसते. उलट सांगायला मजा येते. अग्निवीरांची, म्हणजे याच्यासारख्या चार वर्षांसाठी भरती झालेल्यांची, पहिली तुकडी २८ मार्च २०२३ ला तिथून बाहेर पडली, सुमारे २६०० जण, त्यांत अडीचशेहून जास्त मुली. संचलन सूर्यास्तानंतर झालं होतं, टीव्हीवर पाहिलं असशील. तेव्हापासून गावोगावी फ्लेक्स लागतात, पेढे वाटतात आणि घराला वाटतं, गड सर झाला.

खरी नोकरी त्यानंतर सुरू होते. चिल्कातून पोरं आपापल्या ट्रेडच्या शाळेत पांगतात. वीजवाले जामनगरला वालसुरात, रसद आणि भांडारवाले मालाडला हमलात, आणि तुझ्या भावासारखे इंजिनवाले लोणावळ्याला. सोळा आठवडे ज्याच्या शेजारी झोपला तो जोडीदार गुजरातला गेलेला असतो. इथे कवायत आहेच, पण दिवसाचा मोठा भाग वर्गात आणि वर्कशॉपमध्ये जातो. डिझेल इंजिन, पंप, व्हॉल्व्ह, वंगण, आग विझवणं, फुटलेल्या पाइपाला पट्टी मारून पाणी थोपवणं. आणि दर थोड्या दिवसांनी परीक्षा. पळताना मागे पडलं तर शेजारचा ओढून नेतो. पेपरात तसं कुणी ओढत नाही. चिल्कात पहिला आलेला पोरगा इथे वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेला मी कितीदा तरी पाहिलाय. फोनवर त्यानं काय सांगावं? ‘आज इंजेक्टर समजला नाही’ असं कोणी बहिणीला सांगत नाही. म्हणून तो ‘जेवलो’ म्हणतो.

त्यात इंग्रजी. तो मराठी शाळेतला. बारावीला गणित आणि फिजिक्स होतं म्हणून भरती झाला, पण पुस्तकं जाडजूड आणि सगळी इंग्रजीत, आणि शिकवणारा हिंदी-इंग्रजीची मिसळ करून भराभर पुढे जातो. गंमत अशी, की यातलं बरंच काही त्याला येतं, फक्त येतं हे त्याला माहीत नाही. विहिरीवरची मोटर आठव. फूट व्हॉल्व्ह गळला की पाइपातलं पाणी उतरतं, मोटर नुसती घुमते आणि पाणी उचलत नाही. मग तुझे वडील काय करायचे? पंपाचा वरचा नट खोलून बादलीनं पाणी ओतायचे, हवा निघून जाईपर्यंत. त्यालाच पुस्तकात प्राइमिंग म्हणतात. जहाजावरचा समुद्राच्या पाण्याचा पंपही हवा धरतो, आणि कारणं जवळपास तीच. तुझ्या धाकट्यानं दहाव्या वर्षी ते काम केलंय. मुंबईच्या इंग्रजी शाळेतून आलेल्या त्याच्या शेजाऱ्यानं बहुतेक केलेलं नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं. रविवारी ‘अभ्यास कसा चाललाय?’ हे विचारायचं सोड. त्याला म्हण, ‘फोर स्ट्रोक इंजिन कसं चालतं ते मला समजावून सांग, मराठीत सांग, मला काही येत नाही असं धरून सांग.’ पहिल्या वेळी टाळेल. दुसऱ्या वेळी सांगायला लागेल आणि मध्येच अडेल. जिथे अडला तिथेच त्याला कळलेलं नाही, आणि ते त्याच्या त्यालाच समजेल. तू चूक दाखवायची गरज नाही. तू मात्र खरंच ऐकायचं, आणि न समजलेलं पुन्हा विचारायचं. पाठ्यपुस्तकातलं इंजिन सांगण्यात काही गुपित नाही. कुठलं जहाज, कुठे पोस्टिंग, कधी निघणार, हे मात्र विचारायचं नाही. त्यानं आपणहून सांगितलं तरी ते पुढे कुणाला सांगायचं नाही.

हाताच्या कामात तो तग धरेल असं मला वाटतं. वर्कशॉपमध्ये खडबडीत, वाकडा लोखंडी तुकडा देतात आणि कानशीनं काटकोनात आणायला सांगतात. घासायचा, उजेडासमोर धरायचा, गुण्या टेकवायचा. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये. नवीन पोरगं रेघ घालवायच्या नादात दुसरी बाजू उतरवून ठेवतं, मग तीही घासायला घेतं, आणि संध्याकाळपर्यंत तुकडा मापाच्या खाली जातो. हाताला फोड येतात ते वेगळेच. त्याच्या हाताला फोड आलेत असं तुला कळलं तर मलम पाठवू नकोस, तिथे दवाखाना आहे. शेतात राबलेल्या पोरांचा हात त्या कामावर लवकर बसतो, एवढं मी पाहिलंय.

आता आईचं. ओडिशात होता तोवर तिनं मन घट्ट केलं होतं, आणि लोणावळा म्हटल्यावर ते सुटलं, हे मला पत्र न वाचताही कळलं असतं. पुण्याहून लोकल धरली की पोचलो, मग दर रविवारी डबा घेऊन का जाऊ नये? नको. महिन्यातला एखादा रविवार ठीक, तोही त्यानं बोलावल्यावर, त्याची बाहेर पडायची परवानगी आहे हे पक्कं करून. बाकीचे रविवार त्याला कपडे धुवायला, झोपायला आणि मागे राहिलेलं वाचायला लागतात. पावसाळ्यात तर मुळीच निघू नका. नौदलाच्या तळाकडे जाणारा रस्ता भुशी धरणावरून जातो आणि जुलैच्या रविवारी तिथे पुण्या-मुंबईची अशी जत्रा लोटते की आई गाडीतच बसून राहील आणि डबा आंबेल. शिवाय कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, त्यामुळे भेटीला आलेलं पोर दमट गणवेशात चिडचिड करेल, आणि आई म्हणेल वाळला. तिला डबा द्यायचाच असेल तर टिकणारं काही दे, चार जणांना पुरेल इतकं. तिथे डबा एकट्यानं खात नाहीत. (चिक्की तेवढी नको.)

सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आता लिहितो. तुमच्या घरी येणारा जाणारा त्याला फोनवर एकच प्रश्न विचारतो: ‘पर्मनंट होणार ना रे?’ मामा विचारतात, शेजारचे मास्तर विचारतात, तूही विचारलं असशील. माझ्या वेळी खलाशाला पहिल्याच करारात पंधरा वर्षं मिळायची. याला चार, आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे घेतले जातात. या अग्निवीर योजनेबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे, ते इथे कशाला. पण हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये असलेल्या पोराला विचारणं निव्वळ क्रूरपणा आहे. उत्तर त्याच्या हातात नाही, आणि ज्या गोष्टी त्याच्या हातात आहेत, म्हणजे उद्याचा पेपर आणि वर्कशॉपमधलं आजचं काम, त्यांच्यावरचं लक्ष तो प्रश्न उडवतो. वर शेजारच्या खाटेवरचा मित्र त्याला प्रतिस्पर्धी दिसायला लागतो. इंजिनरूममध्ये आग लागली तर तोच मित्र दोर धरून मागे उभा असणार आहे. घरातल्यांना सांग, हा विषय चौथ्या वर्षी काढा. मामांना माझं नाव सांग.

पैशाचं थोडक्यात. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेत, पण हातात २१,००० येतात. ९,००० सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या पुंजीत, जातात आणि तेवढीच भर सरकार घालतं. गावात आकडा ३०,००० चा फिरतो आणि लोक त्यावर हिशेब मांडतात. त्याच्या नावावर घराचं किंवा ट्रॅक्टरचं कर्ज काढू नका. आईला दर महिना ठरावीक रक्कम पाठवू दे, ती त्याला अभिमानाची वाटते. बाकी त्याच्या खात्यात राहू दे. आणि चुलतीनं आणलेलं स्थळ नम्रपणे परत पाठव. चार वर्षांच्या काळात लग्न केलं तर नोकरीच जाते. हा नियम आहे, त्यात ‘साखरपुडा तरी करून ठेवू’ वगैरे पळवाटा शोधायच्या नाहीत.

तुझ्या चुलतभावाला त्याचे तळावरचे फोटो स्टेटसला ठेवायची हौस आहे म्हणतेस. त्याला थांबव. २०१९ च्या अखेरीस काही खलाशी समाजमाध्यमांवरच्या ओळखीतून फसून हेरगिरीत अडकले, तेव्हा नौदलानं फेसबुकवर आणि जहाजांवर, तळांवर स्मार्टफोनवर बंदी आणली. गणवेशातला फोटो घरात फ्रेम करून लावा, हवा तेवढा मोठा.

परीक्षेत तो एकदा नापास झाला आणि तू त्याच्या साहेबांना फोन करायच्या विचारात आहेस. करू नकोस. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याच्या मागे एक डिव्हिजनल ऑफिसर असतो आणि कोण कुठे मागे पडतोय हे त्याला तुझ्या आधी कळलेलं असतं. अशा पोरांना संध्याकाळी वेगळं बसवतात. वारंवार जमलं नाही तर मागच्या तुकडीत टाकतात, आणि अगदीच नाही जमलं तर घरी पाठवतात, हे खरं आहे आणि ते तुझ्यापासून लपवत नाही. पण बहिणीनं गुणांसाठी रदबदली केली, ही गोष्ट मेसमध्ये पसरायला एक जेवण पुरतं.

एका बाबतीत मात्र फोन करायचा, आणि त्याच दिवशी. तो झोपत नाही, खात नाही, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, आता काही अर्थ नाही, असलं बोलायला लागला, तर ‘मन घट्ट कर’ म्हणून ठेवून देऊ नकोस. त्याला सरळ विचार, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. आणि लगेच डिव्हिजनल ऑफिसरला कळव, त्याला वाईट वाटलं तरी चालेल. तुला स्वतःला काय बोलावं सुचेना तर १४४१६ हा टेलि-मानसचा, सरकारच्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा, नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तू पत्रात जे लिहिलंयस त्यात यातलं काही नाही. तुझा भाऊ दमलाय आणि थोडा लाजलाय.

राहिलं आईच्या मोतीबिंदूचं, त्याला सांगावं की नाही. सांग. तू नाही सांगितलंस तर गावातला कुणीतरी ‘आईची तब्येत कशी आहे?’ असा मेसेज टाकेल आणि ते पोर रात्रभर जागं राहील. सांगताना पूर्ण सांग: कुठला दवाखाना, कुठली तारीख, सोबत कोण, पट्टी कधी निघणार, आणि त्यानं यायची गरज नाही. वर्षाला तीस दिवस रजा असली तरी ट्रेनिंगमध्ये ती कोर्सच्या वेळापत्रकाप्रमाणेच मिळते, आणि मध्येच चार दिवस बुडाले की तो धडा पुन्हा कुणी काढत नाही. ‘आई सिरियस’ म्हणून खोटं कळवून बोलवायची जुनी युक्ती तर डोक्यातही आणू नका. तारेच्या जमान्यातही कचेरीतला कारकून तसली तार बघून हसायचा, आणि पुढे खरंच कधी गरज पडली तर तोच कारकून शंका घेतो.

ऑपरेशनची तारीख ठरली की मला कळव. तुला रजा मिळणार नसेल तर दवाखान्यात मी बसतो, मला आता दुसरं काम काय आहे. फक्त सकाळची वेळ घे, दुपारी एसटीचे हाल होतात.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका