घरसभेत बिर्याणी आली आणि एक घर यायचं बंद झालं

सलाम बेटा,

तुझं पत्र मिळालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ही ताई लग्न होऊन नगरहून पिंपरीला आली, चर्च मोठं, रविवारी दोन उपासना होतात, पण वर्ष उलटलं तरी तिला नावानं हाक मारणारं कोणी भेटेना, मग तिनं आणि मिस्टरांनी जवळपासची सहा घरं जमवून दर गुरुवारी घरसभा सुरू केली, म्हणजे आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमून शास्त्र वाचायचं आणि प्रार्थना करायची. आधी छान चाललं. आता खाण्यापिण्याची चढाओढ लागलीय आणि एक घर यायचंच बंद झालंय, एक काका बोलायला लागले की थांबत नाहीत, तिनं मिस्टरांच्या गेलेल्या नोकरीसाठी प्रार्थना मागितली ती बातमी रविवारी चर्चच्या गेटवर पोचली आणि तेव्हापासून मिस्टर घरसभेला बसत नाहीत, वर चर्चच्या कमिटीतले एकजण म्हणाले, "वेगळी चूल मांडताय का?" ती विचारते, मावशी, बंद करू का?

नको गं. दोनशे-तीनशे माणसांच्या उपासनेत कोण आलं नाही हे कुणाला कळत नाही, सहा घरांत एक घर आलं नाही तर तुला लगेच कळलं, तुझी झोप उडाली, तू मला एवढं मोठं पत्र लिहिलंस. घरसभा असते ती याचसाठी. पण मोडलंय ते नीट करायला लागेल आणि सुरुवात घरातूनच करायला लागेल.

एक विचारते, रागावू नकोस. नोकरीची विनंती सभेत सांगायच्या आधी मिस्टरांना विचारलं होतंस का? पत्रात तसं कुठे दिसलं नाही. काळजीपोटीच सांगितलंस हे मला दिसतंय, पण नोकरी त्यांची गेली, ते कुणाला आणि कधी सांगायचं हे ठरवायचा हक्क पण त्यांचाच होता ना. गेटवर चार लोकांत कोणीतरी "मग, मिळालं का काही?" असं विचारल्यावर माणसाचं काय होतं हे तुला मी सांगायला नको. तेव्हा गेटवर कोण बोललं याचा तपास करत बसू नकोस. असली गोष्ट बहुतेक वेळा चांगल्या मनानंच पसरते, "त्यांच्यासाठी प्रार्थना करा हं" म्हणत म्हणत एकीकडून दुसरीकडे जाते. तू आधी मिस्टरांची माफी माग, साधी, "पण मी तर..." न जोडता. मग सभेत एक नियम कर, ज्याची गोष्ट त्यानंच सांगायची, दुसऱ्याची गोष्ट प्रार्थनेच्या नावाखाली पण दाराबाहेर न्यायची नाही, नवऱ्याची बायकोनं नाही आणि बायकोची नवऱ्यानं नाही. हे एकदा सांगून भागत नाही, दर गुरुवारी शेवटच्या प्रार्थनेआधी मोठ्यानं म्हणायचं. सारखं सारखं काय तेच असं वाटेल पण लोकांना त्यानंच धीर येतो.

आता त्या घराचं. तू लिहिलंस की पहिल्या महिन्यात चहा-बिस्किट असायचं, मग कोणी पोहे केले, मग कटलेट आले, मग एकांचं प्रमोशन झालं तर बिर्याणी आणि आइस्क्रीम. आणि रिक्षा चालवणाऱ्या भाऊंची पाळी आली तेव्हा त्यांच्याकडे आधी पाहुणे होते, पुढच्या वेळी मुलाची परीक्षा होती, मग ते दिसलेच नाहीत. बेटा, त्या वहिनी प्रार्थनेला कंटाळल्या नाहीयेत. एका खोलीत पंधरा माणसं बसवायची कुठे आणि त्यांच्यापुढे ठेवायचं काय, हा हिशोब करून त्या थकल्या असतील. करिंथच्या मंडळीत अगदी हेच झालं होतं, एकत्र जमायचे पण ज्याच्याकडे आहे तो आपलं खाऊन मोकळा आणि दुसरा उपाशी, आणि प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात त्यांना सरळ विचारलं की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? प्रभुभोजनाच्या दिवशी आपण वाचतो ना ते वचन, त्याच्या आधीच हे आहे, पण आपण वाचन तिथून पुढे सुरू करतो.

म्हणून सगळ्या घरी फक्त चहा आणि बिस्किट, वाढदिवस असला तरी. हे तुझ्या स्वतःच्या पाळीला सुरू कर, भाषण न करता. आणि त्या वहिनींकडे जा, एकटीच जा, दुपारी, हातात डबा-बिबा न घेता. जाऊन बस, त्यांच्या हातचा चहा पी, मुलाची परीक्षा कशी गेली ते विचार. "तुम्ही काही नाही केलं तरी चालेल हो" हे वाक्य तोंडातून काढू नकोस, ते फार लागतं. नाना पाटेकरी आवाजात समजवायला दुसऱ्या कोणाला पाठवू पण नकोस. पहिल्या भेटीत सभेचा विषय नाही निघाला तरी हरकत नाही. पुढे म्हण की एखादी सभा तुमच्याकडे घेऊया का, मुलं बाहेर ओट्यावर बसतील, आपण दाटीवाटीनं बसू. एका खोलीत पंधरा माणसं मावतात, मी बसलेय अशा घरसभांना.

काकांचं सोपंय. त्यांना गप्प करायला जाऊ नकोस, सभेची पद्धतच बदल. कॅथलिक लोकांच्या लहान समूहांमध्ये एक सात पायऱ्यांची पद्धत चालते, ती दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को नावाच्या संस्थेतून आली आणि आशियात खूप पसरली, 1990 साली इंडोनेशियात बांडुंगला आशियातल्या बिशपांची बैठक झाली तिथे पण चर्च म्हणजे समूहांचा मिळून झालेला समूह असावा असं म्हटलं गेलं. आपण प्रोटेस्टंट म्हणून ती वापरायची नाही असं कुठे आहे? प्रभूला बोलवायचं, शास्त्रभाग सावकाश वाचायचा, मग ज्याला जो शब्द किंवा ओळ लागली तेवढीच त्यानं मोठ्यानं म्हणायची, मग थोडा वेळ एकदम शांत, मग प्रत्येकानं स्वतःला काय भिडलं तेवढंच सांगायचं, कोणी कोणाला उपदेश करायचा नाही आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर चर्चा पण नाही. मग या आठवड्यात आपण मिळून काय करायचं ते बोलायचं आणि शेवटी प्रार्थना. यात काकांना बोलायला मिळतं आणि जी नववीतली पोर वर्षभर कोपऱ्यात बसलीय ती पण निदान एक ओळ म्हणते. काकांना वाचनाचं काम दे, आवाज चांगला आहे म्हणतेस ना त्यांचा.

कमिटीचं म्हणशील तर त्यांची भीती अगदीच खोटी नाही, घरसभेतून नवी मंडळी फुटलेली त्यांनी पाहिली असेल. पण त्यांना हे पण सांग की 1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला, मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं, ते फेडायला साधारण बारा-बारा जणांचे गट केले, एकानं दर आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. पैसे गोळा करायला गेलेल्या माणसाला कळायला लागलं की इथे आजारपण आहे, इथे दारू आहे, इथे भांडण आहे, आणि वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हेच तर हवं होतं. पुढे मेथडिस्ट लोकांचा सगळा कणा त्या गटांवर उभा राहिला, आणि तरी वेस्ली आयुष्यभर त्यांना सांगत राहिला की आपल्या चर्चमध्ये जा, प्रभुभोजन तिथे घ्या. तू पण तेच कर. रविवारी सभा ठेवू नकोस, वेगळी वर्गणी काढू नकोस. आणि पाळकसाहेबांना कोणी येऊन काही सांगायच्या आधी तूच जाऊन भेट, कोणती घरं येतात, काय वाचतो ते सांग, महिन्यातून एकदा या म्हण, आले की त्यांना पण चहा-बिस्किटच. घरसभेतलं कोणी आजारी असेल आणि त्या माणसाची हरकत नसेल तर साहेबांना कळव. एवढ्या मोठ्या मंडळीत त्यांना घरोघर पोचता येत नाही, तुझ्यामुळे सहा घरं पोचतील.

आणि सगळं तुझ्याच डोक्यावर ठेवू नकोस. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांच्यासारख्या माणसानं 1917 मध्ये देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली, 1919 मध्ये ते गेले आणि दरबार पुढे फार टिकला नाही. आतापासून दर महिन्याला दुसऱ्या कोणी सभा चालवू दे, आधी चुकतमाकत चालेल.

या गुरुवारी सभा ठेव, पण दुसऱ्या कोणाकडे. तुझ्याकडे ठेवलीस तर मिस्टरांना दार लावून आतल्या खोलीत बसून राहावं लागेल, तसं त्यांच्यावर आणू नकोस. त्यांच्याशी बोलणं बुधवारच्या आत होऊ दे. त्यानंतरही ते आले नाहीत तर "का नाही येत" हे महिनाभर तरी विचारू नकोस, आणि सभेत कोणी विचारलं तर "ते स्वतः सांगतील" एवढंच म्हण.

तुझी,
मावशी